वदूदसाहेबांनी ठेवलेलं नाव

वदूदसाहेबांना 'अब्दुल' अशी हाक मारायची चूक आमच्या कार्यालयात प्रत्येक नवा माणूस एकदा करायचा. दुसऱ्यांदा कोणी करत नसे. ते चिडायचे नाहीत. हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याला बसायला सांगायचे. "अब्द म्हणजे बंदा. सेवक. आता कुणाचा सेवक, ते सांगणार का नाही? वदूद. म्हणजे माया करणारा. त्याचा मी बंदा. तुम्ही नुसतं अब्दुल म्हणलं की मी नुसता नोकर राहिलो, मालक गेला. पगार कोण देणार मला?" मी रुजू झाले त्या दिवशी मलाही त्यांनी असंच बसवलं होतं, आणि मी घाबरून चक्क माफी मागितली होती.

महापालिकेचं ते वॉर्ड कार्यालय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडची जन्माची, तिथं ते. उजवीकडची मृत्यूची, तिथं मी. त्यांच्या खिडकीवर माणसं पेढे ठेवून जायची आणि माझ्या खिडकीवर रडायची, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आता कबूल करून टाकते. मधल्या फळीवरून ते निम्मे पेढे माझ्याकडं सरकवायचे. "घ्या जाधव बाई. तुमच्याकडं कोणी आणणार नाही."

अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. बायको तरुणपणीच गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन हर्सूलला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटेच राहायचे. टेबलाच्या खणात डबा आणि त्याच्या बाजूला खाकी कागदाचं कव्हर घातलेला जुना अरबी शब्दकोश. लोणच्याचं तेल लागून त्याची निम्मी पानं पिवळी पडली होती.

मूल दवाखान्यात जन्मलं की नोंद दवाखान्याकडून येते, पण नावाचा रकाना कोरा असतो. आईबाप सवडीनं येतात आणि नाव लावतात. दुसरा कोणी कारकून असता तर म्हणाला असता, नाव सांगा. वदूदसाहेब विचारायचे, "मायने मालूम है?"

बाप गोंधळायचा. मोबाइलवर सापडलं, साडूनं दुबईहून पाठवलं, ऐकायला बरं वाटलं, अशी उत्तरं यायची. मग शब्दकोश बाहेर निघायचा आणि रांग खोळंबायची. मागची माणसं सुरुवातीला कुरकुर करायची आणि थोड्या वेळानं मान पुढं काढून ऐकायला लागायची. उस्मान म्हणजे माळढोकाचं पिल्लू, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले. त्यांनी शब्दकोशाचं पान माझ्यापुढं धरलं, जसं काही मला अरबी वाचता येत होतं. तल्हा म्हणजे रानातलं काटेरी झाड, आपल्या बाभळीच्या जातीचं. जाफर म्हणजे ओढा. बिलाल म्हणजे ओलावा. "वाळवंटातली माणसं होती ती, बाई," ते म्हणायचे. "जे मिळत नव्हतं त्याचं नाव पोराला द्यायची." एक बाप रडक्या पोराला खांद्यावर थोपटत आला होता आणि त्याला अब्बास नाव लावायचं होतं. "अब्बास म्हणजे कपाळाला आठ्या घालणारा. सिंहाला म्हणतात," साहेब म्हणाले. "तुमचा सिंह आजपासूनच कामाला लागला. लिहून टाकू."

पण नाव वाईट निघालं तर लिहायचे नाहीत. एकाला त्यांनी असंच परत पाठवलं. त्यानं आरडाओरडा केला, वरच्या साहेबांकडं तक्रार गेली, बोलावणं आलं. वरचे साहेब म्हणाले, तुमचं काम लिहायचं आहे, शिकवायचं नाही. हे म्हणाले, "हौ साहेब." दुसऱ्या दिवशी परत तेच. मी म्हणलं, कशाला स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेता? तर म्हणाले, "चिठ्ठी न वाचता कोणी सही करतं का? अन् हे तर लेकरू आहे." आठ दिवसांनी तो माणूस दुसरं नाव आणि खजुराचा डबा घेऊन आला. असं दोन-चार वेळा झालं, आणि वदूदसाहेबांना आपलंच बरोबर असतं याची सवय लागली. ही सवय वाईट. मी त्यांना तसं कधी बोलले नाही, कारण खजूर मीही खात होते.

माझे वडील पिशोरला शेती करतात. एकदा दाखल्याच्या कामाला शहरात आले, तर साहेबांनी त्यांना खिडकीच्या आत बसवून चहा पाजला. बोलता बोलता सांगितलं, हारिस नावाचा अर्थ नांगरणारा. वडील खूष झाले. "मंग आमच्याकडं घरटी दोन हारिस हायत की! अन् आमच्या दगडूचं काय म्हनं तुमचं बुक?"

दगडू माझा थोरला भाऊ. त्याच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव मुद्दाम दगड ठेवलं, म्हणजे मरणाला हा घेण्यासारखा वाटू नये. आमच्याकडं प्रत्येक गावात असे दगडू, धोंडू, केरू सापडतील.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे दगड म्हणलं की मौत फसते?"

"फसली नं," वडील म्हणाले. "पंचेचाळीस वर्साचा झालाय. टॅक्टर चालवतो. जेवतो बी लई."

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वडील गेल्यावर मात्र चष्मा पुसत मला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे तुमचा बाप. पण हे वहम आहे, बाई. नावाला वजन नसतं."

"वजन नसतं तर तुम्ही रोज तोलत कशाला बसता?" मी म्हणलं.

त्यांच्या नजमाला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, खुलताबादच्या दर्ग्याच्या वाऱ्या झाल्या, सासूचे टोमणे तर रोजचेच. जावई वाळूजला कंपनीत कामाला, माणूस सरळ, पण आईपुढं तोंड उघडायचा नाही. दहाव्या वर्षी मुलगा झाला. वदूदसाहेब त्या दिवशी कार्यालयात आले ते दोन्ही हातांत मिठाईचे पुडे घेऊन, आणि शिपायापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना त्यांनी स्वतः वाटली. नजमानं नाव ठेवायचं काम बापाला दिलं होतं. कानात अजान त्यांनीच दिली आणि नावही त्यांनीच उच्चारलं. याह्या.

त्या नावाची हकीकत त्यांनी आम्हांला इतक्यांदा सांगितली की मला ती पाठ आहे. जकरिया नावाचे नबी, म्हणजे प्रेषित, म्हातारे झाले होते, बायको वांझ. त्यांनी देवाकडं मूल मागितलं, आणि देवानं मुलगा तर दिलाच, वर त्याचं नावही स्वतःच ठेवलं. त्याआधी त्या नावाचं कोणी झालंच नव्हतं. अरबी कानाला तो शब्द 'जगतो' असा ऐकू येतो. काही जाणकार म्हणतात, शब्द मुळात अरबी नाहीच, इब्रानी, म्हणजे हिब्रू आहे, लांबून चालत आला. आमचा शिपाई योहान ख्रिस्ती. साहेबांनी त्याला मिठी मारून सांगितलं, "अरे, तुमचा तो नदीवर बाप्तिस्मा देणारा योहान, तोच आमचा याह्या. तू अन् माझा नातू एकाच नावाचे!" योहाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात मिठाईच टाकली. त्याला जे आठवलं ते त्यानं मला जिन्यात सांगितलं. राजानं त्या योहानाची मान कापवली होती. वदूदसाहेबांना हे ठाऊक नसेल असं शक्यच नव्हतं. हजार लोकांना नावाचा अर्थ अथपासून इतिपर्यंत सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीला मात्र आनंदाच्या भरात निम्मीच गोष्ट सांगितली होती.

नाव साहेबांनीच नोंदवलं. रकाना त्यांनी स्वतः भरला आणि पहिला दाखला काढून दोन्ही हातांनी जावयाला दिला.

मूल तिसऱ्या महिन्यापासून आजारी पडायला लागलं. दूध ओढताना दमायचं, ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, काळजाला भोक आहे. ऑपरेशननं बरं होतं, पण आधी वजन वाढू द्या. वजन वाढेना. साहेब दर शनिवारी हर्सूलला जायचे आणि सोमवारी मला ग्रॅममध्ये वजन सांगायचे. कधी शंभर वाढायचं, पुढच्या शनिवारी दीडशे उतरायचं.

सासूनं निदान काढलं, नाव भारी पडलं. त्यांच्यात अशी समजूत आहे. नाव मोठं असलं आणि जीव लहान असला की लेकराला ते पेलत नाही, ते झुरत जातं. मग नाव उतरवायचं आणि हलकं ठेवायचं. पण ज्यानं नाव दिलं त्यानंच ते परत घ्यायला पाहिजे. त्यानंच लेकराच्या कानात दुसरं नाव सांगायचं, नाहीतर उपयोग नाही. म्हणजे सगळं वदूदसाहेबांवर येऊन ठेपलं. त्यांना निरोपावर निरोप आले. ते प्रत्येक वेळी एकच सांगायचे, दवा द्या, दुवा करा, नाव लेकराला मारत नसतं.

शेवटी नजमा स्वतः कार्यालयात आली. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बापासारखीच काटकुळी, डोळ्यांखाली काळं, शालीत गुंडाळलेलं मूल छातीशी. खिडकीवर गर्दी होती, तरी ती सरळ पुढं आली.

"अब्बा, नाम उतार लो."

"बेटा, घर जा. शाम को आता मैं."

"शाम को नक्को. अब्बी. कान में बोल दो, कुछ भी. छोटू बोल दो." ती मुलाचं डोकं खिडकीच्या गजांजवळ नेत होती. "मेरी सास को किसी ने बताया, उन नबी की गर्दन काटी थी. तुमने नै बताया मेरे को. सबको मायने बताते बैठते, मेरे को कायको नै बताया?"

साहेबांचा चेहरा उतरला. पण ते शांतच राहिले, आणि समजावून सांगायला लागले. रांगेतल्या माणसांना सांगायचे अगदी तसंच. नबींचं नाव बरकतीचं असतं, भारी-हलकं काही नसतं, हा जाहिलपणा आहे, आजार काळजाचा आहे, नावाचा नाही. सगळं बरोबर होतं. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मी बोलले. मी म्हणलं, "ताई, एकदा लागलेलं नाव असं बदलत नाही. नियमात बसत नाही." दगडूच्या सख्ख्या बहिणीनं हे म्हणलं. माझी मला आजही लाज वाटते.

नजमानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडं. तिथं कार्यालयाची नवी पाटी लावायची म्हणून टेकवून ठेवलेली होती. "पूरे शहर का नाम बदल गया, अब्बा. पाट्या बदल गए, कागजां बदल गए. मेरे बच्चे का नै बदलता?"

साहेब कानात सांगायला उठले नाहीत. तीन पावलं उठून जायचं होतं आणि एक शब्द बोलायचा होता. ती शाल नीट करून निघून गेली. साहेबांनी पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला आणि उलटा धरून वाचत बसले.

थंडीत मुलाला न्यूमोनिया झाला. ऑपरेशनची तारीख मिळालेली होती. तिच्या अकरा दिवस आधी ते गेलं. चौदा महिन्यांचं होतं.

चौथ्या दिवशी साहेब कामावर आले. दवाखान्याचा कागद त्यांच्या हातात होता. ते माझ्या खिडकीच्या आत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उठा बाई. मी लिहितो." मी म्हणलं, साहेब, मी करते ना. ते परत म्हणाले, "उठा." मी उठले. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि एका बोटानं संगणकात सगळं भरलं, बापाचं नाव, आईचं नाव, पत्ता, कारण. नावापाशी थांबले नाहीत. भरून झाल्यावर मात्र एकेक अक्षर बोट लावून तीनदा तपासलं. योहान दारात उभा राहून डोळे पुसत होता. मला रडू आलं ते मी फायलीच्या आडून रडले.

महिन्याभरात त्यांनी वरच्या साहेबांकडं अर्ज केला आणि आमच्या खिडक्या बदलून घेतल्या. मी जन्माकडं आले, ते मृत्यूकडं गेले. शब्दकोश घरी नेला की कोणाला दिला, कळलं नाही, खणात फक्त डबा राहिला. जुन्या ओळखीचे लोक नावांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्याकडं यायचे. ते न वाचताच म्हणायचे, "अच्छा है, रखो." माझ्या खिडकीवर कधी एखादी बाई नाव भारी पडलं म्हणून रडत आली, तर फळीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "बाई, दुरुस्तीचा अर्ज द्या तिला. प्रतिज्ञापत्र कुठं मिळतं ते सांगा. लवकर करून द्या."

नजमानं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. भांडण नाही, काही नाही. फोन उचलायची नाही, बस. जावई कधीतरी गुपचूप बोलायचा, मग तोही बंद झाला. एकदा डबा खाता खाता साहेब मला म्हणाले, "मी बरोबर होतो, बाई. नाव बदललं असतं तरी लेकरू गेलंच असतं. डॉक्टरला विचारून घेतलं मी." मी मान हलवली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला. "पण मग तिला वाटलं असतं, बापानं सगळं करून पाहिलं. एवढंच पाहिजे होतं तिला. मला कळलं नाही. मी तिला मसला समजावत बसलो, धर्म काय म्हणतो ते." मग डबा झाकून नळावर हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. दोघांनीही भाषणात त्यांना 'अब्दुलभाई' म्हणलं आणि त्यांनी कोणालाच बसवून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी एका दवाखान्याकडून आलेल्या नोंदींत मला नजमाचं नाव दिसलं. मुलगा. मी साहेबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "वजन लिहिलंय?" मी सांगितलं, तीन किलो. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

त्यानंतर ते दर सोमवारी यायला लागले. खिडकीशी रांगेत उभे राहायचे, मी कितीदा आत या म्हणलं तरी. नंबर आला की हळूच विचारायचे, "नाव लागलं?" मी बघायचे. रकाना कोरा. सख्ख्या नातवाचं नाव काय, हे विचारायला म्हातारा माणूस सरकारी खिडकीवर यायचा, आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. वर्षाच्या आत नाव लावलं तर फुकट, नंतर दंड पडतो, हे नजमाला माहीत असणार. पण तिची छाती होत नसावी. घरी मुलाला नुसतं बाबू म्हणतात, असं साहेबांना कुणाकडून तरी कळलं होतं.

वर्ष भरायला पाच दिवस राहिले होते. सोमवारच होता. साहेब रांगेत चौथे उभे होते आणि नजमा मुलाला घेऊन आली. दोघांनी एकमेकांना पाहिलं. साहेब रांगेतून बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ती पुढं आली, अर्ज दिला. नावापुढं लिहिलं होतं, आरिझ. जावयाच्या कंपनीतल्या कोणीतरी सुचवलं होतं.

मी नाव भरलं आणि विचारलं, "एवढंच ना? लावू?"

तिचा हात अर्जावरच होता. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, इसका मतलब अच्छा है ना?"

मला काय कळणार! मी भिंतीकडं पाहिलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण ती थांबली होती. माझ्याकडून उत्तर येणार नाही हे तिला कळत होतं.

वदूदसाहेब भिंतीपासून दोन पावलं पुढं आले. मला वाटलं, आता समजावून सांगणार.

"बादल," ते म्हणाले. "बादल को बोलते. हलका नाम है, बेटा. बहुत हलका."

नावाला हलकं म्हणताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नजमाची मान थोडी खाली गेली. तिनं अर्जावरचा हात काढून घेतला, मला म्हणाली, "लगा दो." दाखला घेतला, मुलाच्या टोपीची नाडी बांधली आणि बापाच्या समोरून निघून गेली. सलाम केला का, मला दिसलं नाही. ओठ हलल्यासारखे वाटले.

साहेब आत येऊन योहानच्या स्टुलावर बसले. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर माणसाचा चेहरा वाचता येतो. मी विचारलं, "साहेब, खरं सांगा. ढगच ना?"

"ढगच. खोटं नाही बोललो." त्यांनी पाणी मागितलं. "कुराणात एका जुन्या कौमची गोष्ट आहे. त्यांनी डोंगरावरून ढग येताना पाहिला. तिथं हाच शब्द आहे. खूष झाले, म्हणले, आता पाऊस पडणार. त्यात पाऊस नव्हता. वारं होतं. सकाळी घरं उभी होती अन् माणूस एक नव्हता." ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "हे तुमच्यापाशी ठेवा, बाई. मी मानत नाही असलं. तुम्हांला माहीत आहे, मी मानत नाही."

पुढच्या सोमवारी ते परत आले. मी म्हणलं, आता काय साहेब, नाव तर लागलं. ते रांग संपेपर्यंत थांबले. मग खिडकीवर वाकून म्हणाले, "ते दुसरं रजिस्टर बघता का जरा? त्यात नाही ना?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी शेजारच्या खिडकीच्या नव्या मुलीला सांगून मृत्यूची यादी उघडली आणि नाव घालून शोधलं. "नाही, साहेब." ते म्हणाले, "शुक्र है," आणि गेले.

मुलगी बोलत नव्हती, जावई फोन घेत नव्हता. नातू जिवंत आहे हे कळायला त्यांच्याजवळ एवढा एकच मार्ग उरला होता. सात महिने ते दर सोमवारी आले. आधी दहा वाजता यायचे, मग जिना चढायला वेळ लागायला लागला तेव्हा अकरा वाजायला लागले. शेवटच्या सोमवारी पायांना सूज होती. मी बघून नाही म्हणलं. "नीट बघितलं?" त्यांनी विचारलं. मी परत शोधलं, संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ तोंड नेलं, कोऱ्या यादीकडं बघितलं आणि मान हलवली. भिंतीला हात लावत लावत गेले.

शुक्रवारी नजमा माझ्या खिडकीवर आली. वदूदसाहेब बुधवारी गेले होते, दुपारी शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा कळलं. तिच्या कडेवर आरिझ होता, चांगला गुटगुटीत, माझा शिक्का ओढून तोंडात घालायला बघत होता. मी तिला शेजारच्या मृत्यूच्या खिडकीवर बोलावलं, नव्या मुलीला उठवून त्या खुर्चीवर बसले आणि साहेबांची नोंद केली. सही झाली, दाखला झाला. ती जाईना.

"मॅडम, गल्लीतले लोकां बोलते, अब्बा हर सोमवार इधर आते थे. रिटायर होके इतने दिन हुए. कायको आते थे?"

काहीतरी थाप मारता आली असती. माझ्यानं मारवली नाही. "बाळाचं नाव या खिडकीवर आलं नाही ना, ते बघायला," मी म्हणाले.

तिनं वर पाटी वाचली. मृत्यू नोंदणी. परत एकदा वाचली. मग मुलाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं, आणि ती माझ्यावरच ओरडली. "घर था ना मेरा! हर्सूल क्या दूर है? आके देख लेते थे ना एक बार!"

सगळं कार्यालय आमच्याकडं बघत होतं. वदूदसाहेब ईदच्या दिवशी हर्सूलला गेले होते. त्यांनीच मला सांगितलं होतं. दार वाजवलं, आत मुलाचा आवाज येत होता, खिडकीचा पडदा जरासा सरकला आणि परत नीट झाला. दार उघडलं नाही. अर्धा तास उभे राहून ते परत आले होते. पडदा कोणी सरकवला होता ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, किंवा ती विसरली होती, किंवा तो तिनं सरकवलाच नव्हता.

"त्यांना रिक्षात बसवत नव्हतं, ताई," मी म्हणाले. "गुडघे लई दुखायचे."